कोट्टमध्ये ‘शेत’ म्हणजे नदी : येनिसेई शब्दतक्त्याच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

फाइल उघडली. सहा रकाने: केट, युग, कोट्ट, आसान, आरिन, पुम्पोकोल. या सगळ्या येनिसेई कुळातल्या भाषा, सैबेरियाच्या मधोमध उत्तरेकडे वाहणाऱ्या येनिसेई नदीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठच्या. सहांपैकी एकटी केट अजून बोलली जाते, तीही म्हातारी माणसंच बोलतात. २०१० च्या रशियन जनगणनेत स्वतःला केट म्हणवणारे १,२१९ होते आणि भाषा येते असं सांगणारे २१३.

ठरवलंय ते एवढंच: रोजच्या वापरातले शंभर शब्द, सहाही भाषांत, उच्चार देवनागरीत आणि अर्थ मराठीत. जोडीला व्याकरणाची टिपणं. मुख्य लक्ष कोट्टवर, कारण दक्षिणेकडच्या मेलेल्या चौघींपैकी फक्त तिचंच व्याकरण कोणीतरी बसून लिहून ठेवलंय. आसान, आरिन आणि पुम्पोकोल यांच्या नशिबी अठराव्या शतकातल्या शब्दयाद्या, बस्स.

नावाचा घोळ पहिल्याच दिवशी. ‘कोट’ लिहिलं की डोळ्यांसमोर हँगरला लटकवलेला कोट येतो, नाहीतर शनिवारवाड्याची तटबंदी. मूळ रशियनमध्ये शेवटी जोडाक्षर आहेच, म्हणून ‘कोट्ट’ ठेवतोय.

९ ऑगस्ट

राखी बांधून घेतली, जेवलो, आणि दुपारभर कास्त्रेन.

माथियास कास्त्रेन, फिनलंडचा, जन्म १८१३. पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीसाठी १८४५ ते १८४९ सैबेरियात फिरला. क्षय झालेला, थंडी जीवघेणी, आणि तरी वाटेत भेटेल त्या भाषेचं व्याकरण लिहीत गेला. कान नदीला मिळणाऱ्या आगूल नदीच्या काठी त्याला कोट्ट येणारी पाच माणसं भेटली. आसपासचे बाकीचे कोट्ट तोवर रशियन किंवा तुर्की वळणाच्या भाषांकडे गेले होते. या पाचांकडून त्याने शब्द घेतले, रूपं घेतली, क्रियापदं चालवून घेतली. पुढे हेलसिंकीत फिनिशचा पहिला प्राध्यापक झाला आणि १८५२ साली, ३८ व्या वर्षी गेला. केट आणि कोट्ट या दोन्हींचं त्याचं व्याकरण १८५८ मध्ये छापून आलं, ते आंतोन शीफ्नरने टिपणांवरून लावून दिलं म्हणून. म्हणजे छापलेलं पान कास्त्रेनने स्वतः कधी पाहिलंच नाही.

आज टंकताना हेच डोक्यात होतं. माझ्यासमोर जी ‘कोट्ट भाषा’ आहे ती पाच माणसांच्या तोंडून एका माणसाच्या कानात, तिथून वहीत, वहीतून दुसऱ्याच्या हाताने छापखान्यात, आणि आता माझ्या फाइलीत. मी तिला देवनागरीची आणखी एक चाळणी लावणार. चाळणीत काय अडकतं आणि काय गळतं याची नोंद ठेवली नाही तर तक्ता करण्यात अर्थ नाही.

१० ऑगस्ट, रविवार

चाळणीची पहिली अडचण: च.

कोट्टमध्ये ‘एक’ला जो शब्द आहे त्याचं सरळ लिप्यंतर ‘हूचा’. पण मराठी माणूस हे ‘साचा’तल्या ‘चा’सारखं वाचणार, दातांमागचा च. तिथला च ‘चिमणी’तला आहे. हिंदीवाल्यांना हा प्रश्नच पडत नाही, त्यांच्याकडे एकच च. आपल्याकडे अक्षर एक आणि उच्चार दोन, आणि कुठे कुठला हे आईच्या दुधाबरोबर आलेलं, त्यामुळे लिहून कोणी सांगितलेलं नाही. शेवटी ‘य’ जोडला: हूच्या. दिसायला जरा ‘कोणाच्या?’ असं विचारल्यासारखं दिसतं, पण उच्चार बरोबर येतो.

फ चंही तेच. ‘मुलगा’ म्हणजे कोट्टमध्ये फुप, युगमध्येही सुरुवातीला फ, केटमध्ये तिथे ह. हा फ ‘फोटो’तला, ‘फणस’तला नव्हे. खाली नुक्ता दिला: फ़ुप. नुक्ता मराठी डोळ्यांना खटकतो, खटकू दे. घशात घासून येणाऱ्या ख लाही तोच उपाय, ख़.

‘तीन’ म्हणजे तोङा. आपल्याकडे ङ चा खरा संसार एका ‘वाङ्मय’ शब्दापुरता, आणि तोही निम्मे लोक ‘वांग्मय’ म्हणून उरकतात. येनिसेई भाषांना मात्र ङ शिवाय पाऊल टाकता येत नाही. अनेकवचन करायचं तर शेवटी न किंवा ङ.

आखूड ॲ साठी आपली बॅट-कॅपवाली चंद्रकोर कामी आली. ‘चार’ शेगॅ, ‘पाच’ ख़ेगॅ. इंग्रजी शाळेसाठी घेतलेली मात्रा सैबेरियात चालली.

१७ ऑगस्ट, रविवार

‘मुलगा’च्या केट रूपात दोन गोष्टी अशा आहेत की ज्या मराठीत नाहीत. एक स्वर: ओठ इ सारखे, पण जीभ मागे ओढलेली, रशियन ‘ы’ ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल. काश्मिरीत हा स्वर आहे आणि काश्मिरी देवनागरीत लिहिण्यासाठी युनिकोडने त्याला खाली जोडायची एक मात्रा दिलीय. ती उचलली.

दुसरी गोष्ट घशातली अडक. नकार देताना आपण ‘अं-अं’ करतो ना, त्या दोन अं च्या मध्ये घसा क्षणभर बंद होतो, तीच. मराठीत ती अक्षर म्हणून गणली जात नाही, केटमध्ये तिच्यावर अर्थ अवलंबून असतो. देवनागरीत तिच्यासाठीही चिन्ह आहे, नेपाळकडच्या लिंबू भाषेसाठी घातलेलं: ॽ. मग केटमधला ‘मुलगा’ झाला हॖॽप. माझ्या लॅपटॉपवर दिसला, फोनवर दोन चौकोन. फाँट बदलला, एक चौकोन कमी झाला.

भाचीने टंकायला मदत करते म्हणून केटचा रकाना आणि कोट्टचे आकडे घेतलेत. बघू.

२४ ऑगस्ट, रविवार

भाचीने रकाना पूर्ण करून पाठवला. फोनवर म्हणाली, “मामा, तुला एवढ्या शब्दांबद्दल शंका होती का रे? मी सगळ्या तपासल्या आणि प्रश्नचिन्हं काढून टाकली.”

सगळे ॽ गेले. एकूण तेवीस. वर ङ ला तिने ड समजून ‘तोडा’ केलंय, म्हणजे कोट्टमध्ये तीन मोजायचे तर पायात दागिना घालावा लागणार. चूक तिची नाही, मी चिन्हांची यादीच दिली नव्हती. जुनी प्रत होती म्हणून निभावलं. आता पहिल्या पानावर चिन्हांचा खुलासा, आणि मगच तक्ता.

२९ ऑगस्ट

दीड दिवसाचा गणपती काल गेला. घर रिकामं वाटत होतं म्हणून रात्री बसलो, आणि या प्रकल्पातली आतापर्यंतची सगळ्यात मजेची रात्र झाली.

‘नदी’ची ओळ भरली. केट सेस, युग सेस, कोट्ट शेत, आरिन सात, पुम्पोकोल तात.

शेत, सात, तात! मग ‘बर्च’ झाडाची ओळ: केट ऊस, कोट्ट ऊच्या, आरिन कुस, पुम्पोकोल उता. म्हणजे केटांच्या रानात ऊस उभा. ‘दगड’: कोट्ट शीश, आरिन केस. कोट्टमध्ये ‘मी’ म्हणजे आइ. एवढ्या ऐवजावर एखादा उत्साही माणूस ‘येनिसेईकाठचे मराठे’ असा लेख पाडेल. असल्या लेखांचा आपल्याकडे तुटवडा नाही, म्हणून इथेच हिशोब मांडून ठेवतो.

आपलं ‘शेत’ क्षेत्रापासून आलं. हिंदीत त्याचं खेत झालं. मक्षिकेची हिंदीत मक्खी, मराठीत माशी. इक्षूची हिंदीत ईख, मराठीत ऊस. म्हणजे जिथे जुना क्ष होता तिथे या शब्दांत हिंदीने ख घेतला आणि मराठीने श किंवा स. एकदा नव्हे, ओळीने तीनदा. नात्याचा पुरावा असा असतो: शब्द सारखे दिसणं नव्हे, फरक पुन्हा पुन्हा तोच पडणं. खेत आणि शेत दिसायला वेगळे आहेत, पण सख्खे आहेत. आपलं शेत आणि कोट्टांचं शेत एकसारखे दिसतात आणि एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

आता हीच पट्टी येनिसेई ओळींना लावू. बर्च: ऊस, ऊच्या, कुस, उता. त्याखाली ‘एक’ची ओळ: केट क़ूस, कोट्ट हूच्या, आरिन क़ुसेइ, पुम्पोकोल ख़ुता. नुसतं मधलं व्यंजन बघा. केट स, कोट्ट च्य, आरिन स, पुम्पोकोल त. दोन्ही ओळींत क्रम तोच. झाडाचं नाव आणि एक हा आकडा यांचा अर्थाने काही संबंध नाही, तरी चार भाषांत फरक त्याच घडीवर पडलाय. खेत-शेत, मक्खी-माशी.

आरिनची आणखी एक खोड सापडली. इतरांकडे शब्द स्वराने सुरू होतो तिथे आरिनमध्ये पुढे क लागलेला दिसतो. पाणी: केट ऊल, कोट्ट ऊल, आरिन कुल. बर्च: ऊस, आरिन कुस. दोन: कोट्ट ईना, आरिन किना. ओळी वाचता वाचता तिसऱ्या ‘क’ला मी टाळीच वाजवली. शेजारच्या मंडळाची आरती चालू होती, खपून गेलं.

३१ ऑगस्ट, रविवार

आरिनच्या रकान्याबद्दल लिहून ठेवतो, कारण तो सारखा रिकामा दिसतो आणि बघणाऱ्याला माझा आळस वाटेल.

आरिन लोक आजच्या क्रास्नोयार्स्कच्या परिसरातले. १६२८ मध्ये रशियनांनी तिथे लाकडी कोट बांधला आणि आसपासच्या सगळ्यांना यासाक लावला, म्हणजे कातड्यांच्या रूपातला कर, मुख्यतः सेबल या केसाळ प्राण्याच्या. शंभर वर्षांनी, १७३० च्या दशकात, गेरहार्ड म्यूलर नावाचा इतिहासकार कामचत्का मोहिमेबरोबर तिथून गेला तेव्हा भाषा येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. त्याने आणि त्या काळच्या इतर प्रवाशांनी जे टिपलं तेच आज आरिन. हे लोक भाषा शिकायला गेले नव्हते, राज्याची मोजदाद करायला गेले होते. सोबत ठरलेली यादी: देव, आकाश, बाप, आई, पाणी, एक, दोन. मी माझा तक्ताही जवळपास त्याच यादीवर बेतलाय हे लक्षात आल्यावर जरा ओशाळलो.

पुम्पोकोलचं दुखणं वेगळं. जुन्या यादीत ‘पुम्पोकोल’ शीर्षकाखाली काही शब्द चक्क युगचे घुसलेत. कोणीतरी कागद एकत्र केले असणार. पुम्पोकोलची खूण तो ‘त’: नदी तात, बर्च उता, एक ख़ुता. त्या रकान्यात जिथे ‘स’ भेटतो तिथे आधी थांबायचं.

७ सप्टेंबर, रविवार

आकडे. कोट्टचे एक ते दहा:

हूच्या, ईना, तोङा, शेगॅ, ख़ेगॅ, ख़ेलूच्या, ख़ेलीना, ख़लतोङा, चुम्नागा, हागा.

मोठ्याने दोनदा म्हटले की सहा, सात, आठ आपोआप उलगडतात. ख़ेलूच्यात शेवटी हूच्या आहे, ख़ेलीनात ईना, ख़लतोङात तोङा. पाच-एक, पाच-दोन, पाच-तीन. एका हाताची बोटं संपली की दुसऱ्या हाताचा अंगठा.

केट मात्र तिच्या रांगेत असं करत नाही. तिच्याकडे सहा आणि सातला स्वतंत्र शब्द, आणि आठ-नऊला वजाबाकी: नऊ म्हणजे क़ुसम बन्साङ क़ो, ‘एक नसलेले दहा’, आठ म्हणजे ‘दोन नसलेले दहा’. हे मराठी माणसाला समजावावं लागत नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस आपण रोज म्हणतो. एकोण म्हणजे एकाने ऊन, एकाने कमी. फक्त आपण एकावर थांबलो. दोनाने कमीचा शब्द केला असता तर दुसरीतल्या पोरांनी पाढ्यांचं पुस्तक फाडलं असतं.

सख्ख्या बहिणींनी मोजायच्या दोन रीती धराव्यात याचं नवल वाटतं. चुम्नागाच्या शेपटीला दहाचा ‘हागा’ चिकटल्यासारखा दिसतो, तेव्हा कोट्टनेही नऊपुरती वजाबाकीच केली असावी, असं पेन्सिलीने समासात लिहिलंय. पेनने नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

व्याकरण. दोन गोष्टींवर दिवस गेला.

पहिली: ‘चा, ची’. मराठीत आईचा मुलगा, आईची मुलगी. प्रत्यय मालमत्तेकडे बघून बदलतो, आई तीच राहते. केटमध्ये उलट. बापाचं काहीही असो, बाप पुरुष म्हणून ‘ओब-दा’. आईचं काहीही असो, आई स्त्री म्हणून ‘आम-दि’. प्रत्यय मालकाकडे बघतो. पुढे ‘ला’, ‘कडून’ या अर्थाचे प्रत्यय याच दा-दि वर चढतात, म्हणजे आपल्या ‘आईच्याकडून’मधल्या ‘च्या’सारखी मधली पायरी. कोट्टमध्येही ही फोड आहे, पुल्लिंगी आ, स्त्रीलिंगी ई, हे कास्त्रेनने स्वच्छ नोंदवलंय. सर्वनामांत मात्र आपली फसगत: ‘तो’ म्हणजे उजू आणि ‘ती’ म्हणजे उजा. आपल्या कानाला आकारान्त म्हणजे पुरुष, घोडा, मामा, दादा. मी तक्त्यात दोनदा उलटं भरलं.

लिंगं तीन आहेत हे मराठी माणसाला ओळखीचं, वाटप ओळखीचं नाही. केटमध्ये सूर्य स्त्री आणि चंद्र पुरुष. आपल्याकडे दोघे बाप्ये.

दुसरी गोष्ट: क्रियापद. केटचं क्रियापद म्हणजे पोटात बिऱ्हाड घेऊन फिरणारं. एकच घेतो: द्बिल्बेत, ‘मी ते केलं’. द म्हणजे मी. ब म्हणजे ते, ती निर्जीव वस्तू. इल भूतकाळ. बेत म्हणजे करणं. (आपण बेत करतो, तिथे बेत हेच करणं. पुन्हा योगायोग, पुढे चला.) कर्ता सगळ्यात पुढे, कर्म मग, काळ त्यानंतर आणि खरी क्रिया शेवटी. मराठी ‘केलं’मध्ये उलटा क्रम: आधी क्रिया, मग काळ, मग कोण-काय ते शेपटीला. आणि हे साधं क्रियापद झालं. अभ्यासक अशा जागांना क्रमांक देतात, आणि पूर्ण साचा काढला की दहाएक डबे होतात, मालगाडीसारखे. कुठल्या क्रियापदात कुठला डबा भरलेला आणि कुठला रिकामा हे पाठच करावं लागतं.

कोट्टमध्ये ‘मी’, ‘तू’ यांचे प्रत्यय क्रियापदाच्या शेवटी गेलेत. बहीणभाषेत पुढे, हिच्यात मागे. कारण शोधायला लांब जायला नको: कोट्टांच्या चहूकडे तुर्की आणि सामोयेद कुळातल्या भाषा, आणि त्या सगळ्या प्रत्यय शेवटीच लावणाऱ्या. पिढ्यान्‌पिढ्या लग्नं, बाजार, शेजार. भाषेने शब्द आपले ठेवले आणि चाल शेजाऱ्यांची उचलली. तंजावरची मराठी ऐकली तर तिच्यातही तामीळची चाल जाणवते, शब्द आपले असले तरी.

२१ सप्टेंबर, रविवार

कुटुंबाच्या ग्रुपवर बातमी आली: ‘हूणांच्या भाषेचं कोडं उलगडलं’. पाठवणारे काका, खाली लगेच तीन नमस्कार आणि एक अंगठा. आणि माझ्या नावाने ‘तुझं आरिन का रे हे?’

हो, तेच. यंदा जूनमध्ये जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या स्वेन्या बोनमान आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाचे सिमोन फ्रीस यांचा लेख आला. त्यांचं म्हणणं, चीनच्या उत्तरेचे शिओङ्नू आणि युरोपात गेलेले हूण एकच भाषा बोलत, आणि ती आरिनचं जुनं रूप होती. आधार: चिनी ग्रंथांत राहिलेले उसने शब्द, माणसांची नावं, नद्यांची आणि ठिकाणांची नावं. अटिला या नावाचाही ते येनिसेई अर्थ लावतात, ‘चपळसा’ अशा धर्तीचा. शिओङ्नूंची भाषा येनिसेई असावी ही कल्पना नवी नाही, विसाव्या शतकात लिगेती आणि पुलीब्लँक या अभ्यासकांनी ती मांडली होती. नवं आहे ते थेट आरिनचं नाव घेणं.

काकांना एवढंच लिहिलं की विचार गंभीर आहे, निकाल लागलेला नाही. मनात हे होतं की ज्या रकान्यात मला शंभरातले निम्मे चौकोन भरता येत नाहीत, त्यावर एक साम्राज्य उभं करायचंय. काकांचा पुढचा प्रश्न, ‘मग मिहिरकुलही?’ भारतात आलेल्या हूणांचं प्रकरण वेगळं आहे, काका. जेवायला आलो की बोलू.

२८ सप्टेंबर, रविवार

सूर. टोनला मी ‘सूर’ म्हणतोय, कारण ‘स्वर’ आधीच अ-आ-इ-ई मध्ये अडकलाय.

केटमध्ये एक अक्षरी शब्द चार सुरांत म्हणता येतो आणि चार अर्थ होतात. नेहमीचं उदाहरण ‘सुल’. वरच्या पट्टीत सपाट: रक्त. घशात तोडलेला: सैबेरियात मिळणारा एक पांढरा मासा. लांबवून चढवून उतरवलेला: बर्फावरची घसरगाडी. पटकन खाली पडणारा: पाळणा टांगायचा आकडा. केटच्या ध्वनिमुद्रणातले असे तुकडे प्राट या प्रोग्रॅममध्ये टाकून पट्टीची रेघ पाहिली. रेघ दिसली की ऐकू येतं, रेघ झाकली की माझ्या कानाला पुन्हा चारही सुल एकच. पंजाबी मित्राला ऐकवलं, त्याने पहिल्या फटक्यात तीन ओळखले. त्यांच्याकडे घोडा आणि कोडा सुरावरच वेगळे होतात.

युगमध्येही सूर होते, हे ठाऊक आहे कारण युगची शेवटची म्हातारी माणसं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वोरोगोवोसारख्या गावांत होती आणि हाइनरिख वेर्नर त्यांच्याकडे बसून टिपून आला. वेर्नर आणि त्याचे गुरू आंद्रेयास दुल्झोन दोघेही रशियात वोल्गा नदीकाठी वसलेल्या जर्मनांपैकी. दुल्झोनला १९४१ मध्ये त्या सगळ्या समाजाबरोबर हद्दपार करून सैबेरियातल्या तोम्स्कला टाकलं. जर्मन बोलींचा अभ्यासक, आपल्या बोलीच्या गावांपासून तोडलेला. त्याने काय करावं? तोम्स्कच्या आसपासच्या नद्यांची नावं गोळा करायला घेतली, आणि त्या नावांच्या शेपट्यांतून येनिसेई लोक पूर्वी कुठवर पसरले होते त्याचा नकाशाच निघाला. नाव ‘-शेत’वर संपलं की इथे कोट्ट होते, ‘-सात’ म्हणजे आरिन, ‘-तात’ किंवा ‘-दात’ म्हणजे पुम्पोकोल, ‘-सेस’ म्हणजे केट. बैकाल-आमूर रेल्वे जिथून फुटते ते जंक्शन तायशेत: थंड नदी. रोज तिथून गाड्या जातात, फलकावर कोट्ट भाषा लिहिलेली असते.

पण कोट्टचे सूर? कास्त्रेनच्या पानांवर स्वरांची लांबी आहे, सूर नाहीत. मला वाटतं याचं उत्तर कास्त्रेनच्याच घरात आहे. फिनिशमध्ये तुली म्हणजे आग आणि तूली म्हणजे वारा. लांबी चुकली की अर्थ जळतो. हा कान लांबीवर तयार झालेला. फिनलंडमध्ये बोलली जाणारी स्वीडिशही, स्वीडनमधल्या स्वीडिशसारखी सुरावर शब्द वेगळे करत नाही. म्हणजे दीर्घ स्वराच्या खुणेवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन, आणि सुराच्या अभावावर अजिबात नाही. पानावर सूर नाही याचा अर्थ तोंडात नव्हता असा होत नाही.

ऱ्हस्व-दीर्घावरून शाळेत मार खाल्लेला माणूस मी. या खुणा इतक्या जपून उतरवीन असं तेव्हाच्या बाईंना खरं वाटणार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

कोट्टांच्या शेजारी कान नदीच्याच बाजूला कामास नावाची सामोयेद भाषा होती. तिचीही टिपणं कास्त्रेनने केली होती. तीही गेली, पण तिची शेवटची बोलणारी क्लावदिया प्लोत्निकोवा १९८९ पर्यंत जगली, आणि एस्टोनियाच्या अभ्यासकांनी तिचं बोलणं टेपवर घेतलं. तो आवाज आजही ऐकता येतो. कोट्ट आणि कामास दोन्ही मृत म्हणून एकाच यादीत असतात. एकीची टेप आहे, दुसरीची फक्त शाई. तक्त्यात रकान्याच्या डोक्यावर ‘आधार’ अशी ओळ वाढवली: केट – जिवंत बोलणारे, युग – शेवटचे बोलणारे, विसावं शतक, कोट्ट – व्याकरण, १८५८, आसान, आरिन, पुम्पोकोल – शब्दयाद्या, अठरावं शतक.

कुत्र्याची ओळ राहिली होती ती भरली: केट तिप, युग च्यिप, कोट्ट अलशिप, आरिन इलच्याप. पुढे ‘अल’ किंवा ‘इल’ कुठून आलं त्याचं टिपण वेगळं करायचं.

११ ऑक्टोबर, शनिवार

भाचीची सूचना: प्रत्येक शब्दाला दाबलं की आवाज यावा. केटसाठी ध्वनिमुद्रणं आहेत. कोट्टचं तूच वाच म्हणाली, तुला सगळे उच्चार पाठ आहेत.

पंखा बंद केला, खिडकी लावली, एक ते दहा म्हटले. हूच्या, ईना, तोङा… ऐकून बघितलं. च बरोबर, ङ बरोबर, लांबी कास्त्रेनप्रमाणे. आणि चाल शुद्ध मराठी: प्रत्येक आकडा थोडा वर, हागावर खाली येऊन टेकलेला, पाढे संपवताना टेकतो तसा. तीनदा केलं, तीनदा तेच. सपाट म्हणायला गेलो तर रेल्वेची घोषणा.

फाइल पुसली. भाचीला कळवलं की कोट्टच्या रकान्यात बटण नको. ती म्हणाली, मग डिझाइनमध्ये भोक दिसेल. दिसू दे म्हटलं, तिथे आडवी रेघ टाक.

१२ ऑक्टोबर, रविवार

पहिली आवृत्ती बांधली. केट १००, कोट्ट ९१, युग ८८, आरिन ४७, आसान ४४, पुम्पोकोल ३९, त्यातल्या सहांवर ‘युग असावा’ अशी खूण. चिन्हांचा खुलासा पहिल्या पानावर, ॽ पुढे ठळक अक्षरात: हे प्रश्नचिन्ह नाही. फोनवरचा चौकोन अजून दिसतो, फाँट सोबत जोडून पाठवतोय.

चुम्नागाची पेन्सिल तशीच आहे.